आधी ॲट्रोपीन, मग रेफर

आमच्याकडं कुणी विष घेतलं असं म्हणत नाहीत, औषध पिलं म्हणतात. आणि औषधाचं दुकान म्हणलं तरी दोन अर्थ होतात, एक माझं मेडिकल आणि दुसरं चार शटर सोडून असलेलं कृषी सेवा केंद्र. सोळा वर्षं झाली, बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात ग्रामीण रुग्णालयाच्या अगदी समोर माझं मेडिकल आहे, आणि तिकडच्या औषधानं पडलेलं माणूस इकडच्या औषधानं उठतंय का नाही हे इतक्यांदा बघितलंय की आता गप्प बसवत नाही म्हणून लिहायलोय. मी डॉक्टर नाही, डी. फार्म. केलेला माणूस आहे, पण जे लिहितोय ते डॉक्टरांना विचारून, वाचून आणि डोळ्यानं बघून लिहितोय.

माझं म्हणणं एवढंच आहे. फवारणीचं औषध पिलेल्या पेशंटला ग्रामीण रुग्णालयातून पुढं पाठवायच्या आधी त्याला पुरेसं ॲट्रोपीन, म्हणजे या विषावरचं उताऱ्याचं इंजेक्शन, मिळालंच पाहिजे, तिथंच, त्याच टेबलावर, आणि तेवढा साठा तिथं कायम असलाच पाहिजे. अंबाजोगाई, लातूर, संभाजीनगरची घाटी, ही मोठी सरकारी रुग्णालयं सगळी त्याच्यानंतर.

काही वर्षांपूर्वी पोळ्याच्या आदल्या रात्री साडेनऊला एका मोटरसायकलवर तिघं आले, मधल्याला मागच्यानं घट्ट धरलेलं, त्याचे पाय रस्त्याला घासत होते. थोड्या वेळानं त्याचे वडील चिठ्ठी घेऊन माझ्याकडं आले, ॲट्रोपीन दहा. मी दहा दिले. वीस मिनिटांनी परत आले, "दादा, अजून लागतेत म्हणायल्यात, दहाच द्या." मला तेव्हा कळत नव्हतं, मी दहाच दिले. आतमध्ये बॉन्डवर, म्हणजे शिकून झाल्यावरच्या सक्तीच्या सरकारी सेवेवर आलेला एकटा पोरगा डॉक्टर, एक सिस्टर, एक शिपाई, आणि तिकडं डिलिव्हरीची बाई ओरडतेय. डॉक्टरनं रेफर लिहिलं, गाडी यायला पाऊण तास गेला, आणि लोखंडी सावरगावच्या अलीकडंच त्या पोराचा श्वास थांबला. तेवीस वर्षांचं लेकरू होतं. त्या रात्री माझ्या कपाटात ॲट्रोपीनचे तीन डबे भरलेले होते. ही गोष्ट मी पुष्कळ दिवस कुणाला सांगितली नाही.

आता हे ॲट्रोपीन नक्की करतं काय ते सांगतो, कारण नातेवाईकांना कुणी सांगतच नाही. आपल्याकडं फवारणीचं जे औषध पिलं जातं त्यातलं बरंचसं रोगर, क्लोरो, मोनो, प्रोफेनो या घराण्यातलं, म्हणजे ऑर्गनोफॉस्फरस. शरीरात नसांकडून निरोप गेला की तो निरोप पुसून टाकणारं एक एन्झाइम असतं, कोलिनएस्टरेज, हे औषध त्यालाच बंद पाडतं. मग सगळे नळ उघडेच राहतात. डोळ्यातून पाणी, तोंडातून लाळ, अंगाला दरदरून घाम, संडास-लघवीवर ताबा नाही, डोळ्यातल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, आणि सगळ्यात वाईट म्हणजे छातीत पाणी भरतं. माणूस कोरड्या जमिनीवर बुडतो. ॲट्रोपीन हे पाणी वाळवतं. बाकी काही नसलं तरी हे पाहिजेच.

आणि ते किती पाहिजे इथंच सगळी गडबड आहे. आपल्याकडचं साधं ॲम्प्युल ०.६ मिलिग्रॅमचं. जगभर आता मान्य असलेली पद्धत अशी आहे की गंभीर पेशंटला सुरुवातीलाच ३ मिलिग्रॅमपर्यंत द्यायचं, म्हणजे ५ ॲम्प्युल. पाच मिनिटं थांबायचं, छाती ऐकायची. बुडबुड चालूच असली तर दुप्पट, १०. परत पाच मिनिटं, परत दुप्पट, २०. मग ४०. बेरीज करा, पंधरा मिनिटांत ७५ ॲम्प्युल झाले! सगळ्यांनाच एवढे लागत नाहीत, कुणाचं पंधरा-वीसवर भागतं, पण ज्याला लागतात त्याला लागतातच, आणि छाती कोरडी झाल्यावरसुद्धा एकूण जेवढं लागलं त्याच्या दहा-वीस टक्के दर तासाला सलाईनमधून चालू ठेवावं लागतं. आता सांगा, दहाची चिठ्ठी म्हणजे काय? खळखळून वाहणाऱ्या ओढ्याला ओंजळीनं बांध घालण्यासारखं आहे ते.

दुसरी चूक मी अशी बघितली की पल्स एकशे तीस झाली म्हणून ॲट्रोपीन थांबवलं. छाती वाजत होती, काख ओलीगच्च होती, पण पल्स वाढली म्हणून बंद. माझ्या ओळखीचे एक फिजिशियन आहेत, त्यांनी मला समजावून सांगितलं की छाती ओली असेल तर वाढलेल्या पल्सला घाबरून हे इंजेक्शन रोखायचं नसतं, बघायचं ते छातीकडं, काखेतल्या घामाकडं, बीपीकडं. जास्त झालं तर कळतं, जीभ वाळते, ताप चढतो, पेशंट बडबडतो, हवेत काहीतरी पकडल्यासारखं करतो, चादर चिमटत बसतो. आपल्याकडं अशा वेळी माय-माऊल्या म्हणतात, झपाटलंय, अंगारा आणा. झपाटलेलं नाही, डोस थोडा थांबवून कमी करायचाय एवढंच आहे ते, आणि ते सांगायला शेजारी कुणीतरी बसलेलं पाहिजे.

हे बसणं मी एकदा बघितलं. मागच्या काही वर्षात आमच्या ग्रामीण रुग्णालयात एक डॉक्टर मॅडम होत्या, जवळच्याच एका वस्तीवरचा पस्तिशीतला माणूस आणला होता, तोंडाला फेस, अंगाला लसणासारखा उग्र वास. यावेळी मी चिठ्ठीची वाट बघितली नाही, अख्खा डबा उचलून घेऊन गेलो, पैशाचं नंतर बघू म्हणलं. मॅडमनी आधी त्याचे सगळे कपडे कापून बाहेर फेकायला लावले, अंग साबणानं धुवायला लावलं, कारण कपड्यातलं औषध कातडीतून आत जातच राहतं. पेशंट एका कुशीवर. सिस्टर ॲम्प्युलची मान मोडायच्या, मोडून मोडून अंगठा कापला तर कापूस गुंडाळून परत चालू. मी सिरिंज भरून द्यायला उभा, ते माझं काम नव्हतं पण हातच नव्हते तिथं. मॅडम दर पाच मिनिटाला भिंतीवरच्या घड्याळाकडं बघायच्या, छाती ऐकायच्या, काखेत हात घालून बघायच्या आणि "अजून ओलं आहे" म्हणायच्या. पाच, दहा, वीस. मग पुढचे चाळीस भरत असतानाच त्यांनी हात वर केला. एकोणचाळीस मिनिटं मी मोजलीत, तेवढ्या वेळात त्या टेबलापासून हलल्या नाहीत. नंतर ॲट्रोपीनची सलाईन चालू ठेवून, मेडिकल कॉलेजला स्वतः फोन करून, सोबत किती दिलं कधी दिलं हे लिहून त्याला १०८ मध्ये घातलं. रेफर तोही झाला. पण तो जिवंत रेफर झाला.

म्हणून रेफर करूच नका असं माझं म्हणणं अजिबात नाही. या विषाचा एक दगा असा आहे की पेशंट सुधारला, बोलायला लागला, नातेवाईक चहा प्यायला खाली गेले, आणि एक ते चार दिवसांच्या मधे अचानक मानेचे आणि श्वासाचे स्नायू ढिले पडतात. तिथं ॲट्रोपीन काही करत नाही, व्हेंटिलेटरच लागतो. मोठ्या दवाखान्यात म्हणून तर सारखं म्हणतात, मान उचलून दाखव. उशीवरून मान उचलता आली नाही की समजायचं श्वास जायची वेळ जवळ आलीय. हे ग्रामीण रुग्णालयात होणार नाही, आयसीयू लागणारच. पण त्या आयसीयूपर्यंत पोचायचं तर पहिला तास पार पडला पाहिजे ना. आता मराठवाड्यातल्या आठही जिल्ह्यात सरकारी मेडिकल कॉलेज झालंय, २०२४ मध्ये जालना आणि हिंगोलीचंही आलं, चांगलंच झालं, पण वस्तीवरच्या माणसाला ते अजूनही चाळीस-पन्नास किलोमीटरच आहे आणि औषध पिलेल्या माणसाचा हिशोब किलोमीटरमध्ये होत नाही, मिनिटात होतो.

लोक म्हणतील, ग्रामीण रुग्णालयात साठा नसतो तर डॉक्टर काय करणार. बरोबर आहे, मी डॉक्टरला दोष देतच नाहीये. एकटा माणूस, अठरा-अठरा तास ड्युटी, आणि पेशंट दगावला की बाहेर पन्नास लोकांचा घोळका. डॉक्टरांवरच्या हल्ल्यांसाठी महाराष्ट्रात २०१० चा कायदा आहे, पण रात्री दोन वाजता कायदा दारात उभा राहत नाही. अशा वेळी पटकन रेफर लिहून मोकळं होणं ही त्याची भीती आहे, आळस नाही. ती भीती कमी करायची तर त्याच्या हातात माल पाहिजे आणि शेजारी दुसरा माणूस पाहिजे.

मालाचं म्हणाल तर ॲट्रोपीनसारखं स्वस्त इंजेक्शन शोधून सापडणार नाही, आणि तीच त्याची अडचण झालीय. ऑक्टोबर २०२४ मध्ये किमती ठरवणाऱ्या एनपीपीएनं आठ औषधांच्या कमाल किमती ५० टक्क्यांनी वाढवल्या, त्यात हे ॲट्रोपीन होतं, कारण या भावात बनवायला परवडत नाही असं कंपन्यांचं म्हणणं होतं. माझ्यासारख्या दुकानदाराला त्यात नवल वाटलं नाही. ज्या मालात कुणाला चार पैसे सुटत नाहीत तो माल मागवायला, ठेवायला, एक्स्पायरी सांभाळायला कुणी धडपडत नाही. तिथं सरकारनंच धडपडायला पाहिजे. २०२३ च्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला नांदेडच्या सरकारी रुग्णालयात २४ तासात २४ मृत्यू झाले तेव्हा सगळा महाराष्ट्र हादरला, औषधसाठ्यावर आठवडाभर चर्चा झाली, त्या मृतांमध्ये सापदंशाचे आणि विषबाधेचेही पेशंट असल्याचं तेव्हाच्या बातम्यांत आलं होतं. चर्चा थांबली. फवारणीचा हंगाम मात्र दरवर्षी येतोय.

त्यात अजून एक पाम नावाचं प्रकरण आहे, प्रालिडॉक्सिम, याच विषावर देतात ते दुसरं इंजेक्शन. हे ॲट्रोपीनपेक्षा कितीतरी महाग, आणि रात्री-बेरात्री लातूरवरून, बीडवरून गाडी करून पाम आणणारे नातेवाईक मी बघितलेत, हातातली अंगठी गहाण टाकून. पामबद्दल डॉक्टरांतच दोन मतं आहेत. आपल्याच बारामतीत २०० पेशंटवर अभ्यास झाला होता, २००६ मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आला, त्यात मोठ्या डोसनं सतत पाम दिलं तर फायदा दिसला. पुढं २००९ मध्ये श्रीलंकेतला अभ्यास आला, त्यात फायदा दिसलाच नाही. हा वाद डॉक्टरांनी सोडवावा, द्यायचं की नाही त्यांनी ठरवावं. पण ॲट्रोपीनवर वाद नाही. आणि तरी नातेवाईकाला पळवलं जातं ते पामसाठी, आणि दहा ॲम्प्युलवर पेशंट पडून राहतो, हे उलटं झालंय.

तसंच नळीचं. पोट धुतलं म्हणजे काम झालं ही समजूत आपल्या लोकांत इतकी घट्ट बसलीय की नळी नाही घातली तर डॉक्टरवर धावून जातात. पिऊन तास उलटून गेला की पोट धुण्याचा फायदा फारसा राहत नाही, आणि अर्धवट शुद्धीतल्या माणसाला चौघांनी दाबून धरून नळी घातली तर पोटातलं फुप्फुसात जायची भीती. घरी मिठाचं पाणी, शेणाचं पाणी, राख कालवून पाजतात, त्याचंही तेच. हात जोडून सांगतो, काही पाजू नका, उलटी करवू नका. कपडे काढा, अंग धुवा, कुशीवर झोपवा आणि निघा. आणि बाटली सोबत आणा.

बाटलीवर मला थांबायचंय. दहातले सात-आठ लोक बाटली आणतच नाहीत. उकिरड्यात फेकतात, विहिरीत टाकतात, कारण केस होईल याची भीती. विचारलं तर सांगतात, खोकल्याचं समजून पिलं, फवारताना वारं फिरलं. डॉक्टरला कळत नाही नक्की काय पोटात आहे. फॉस्फरसचं आहे का तणनाशक आहे यावर सगळी ट्रीटमेंट बदलते. पॅराक्वॉट हे तणनाशक असलं तर ॲट्रोपीनचा उपयोग नाही, त्याला उताराच नाही, आणि त्यात तर उगाच ऑक्सिजन लावला तर फुप्फुसाचं जास्तच नुकसान होतं. तिथं मला एवढंच म्हणायचंय की ज्याला उतारा नाही ते कृषी केंद्राच्या फळीवर असूच नये. श्रीलंकेनं अशी जहाल औषधं एक-एक करून बंद केली आणि तिथल्या आत्महत्या वीस वर्षात जवळपास ७० टक्क्यांनी खाली आल्या, शेती काही बुडाली नाही. आपल्याकडं २०१७ मध्ये यवतमाळला नुसतं फवारताना विषबाधा होऊन वीसच्या वर माणसं गेली, शेकडो दवाखान्यात पडली, त्यांनी तर कुणी मरायला फवारा खांद्यावर घेतला नव्हता.

तर बाटली लपवण्यामागची ही भीती कशाची? केसची. एमएलसी, म्हणजे मेडिको-लीगल केस करावी लागते, पोलिसांना कळवावं लागतं, हे खरंय. पण सुप्रीम कोर्टानं १९८९ मध्येच परमानंद कटारा केसमध्ये सांगून ठेवलंय की आधी जीव, मग कागद, आणि हे सरकारी-खाजगी सगळ्या डॉक्टरांना लागू आहे. तरीही खाजगीवाले दारातूनच हात जोडतात, पोलीस केस आहे, सरकारीत न्या. आणि घरच्यांनाही माहीत नसतं की २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ११५ नं असा माणूस प्रचंड ताणाखाली होता असंच धरायचं आणि सरकारनं त्याची काळजी घ्यायची असं ठरवलंय. १ जुलै २०२४ पासून जी नवी न्याय संहिता आली तिच्यात आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं ते जुनं ३०९ कलमच राहिलं नाही, सरकारी माणसावर दबाव आणायला केलेला प्रकार तेवढा गुन्हा आहे. म्हणजे पोराला जेलमध्ये टाकतील म्हणून बाटली लपवायची गरज नाही. हे कृषी केंद्राच्या भिंतीवर, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा ना कुणीतरी.

खेड्यातच पहिला उपचार देणं जमणार नाही असं मला कुणी सांगू नये, कारण एकदा जमलेलं आहे. भोकरदन तालुक्यातल्या देहेडचे डॉ. हिंमतराव बावस्कर, आपल्याच जालना जिल्ह्यातले. कोकणात महाडकडं प्राथमिक आरोग्य केंद्रात होते, लाल विंचू चावलेली माणसं डोळ्यासमोर मरत होती, शंभरातली पंचवीस-तीस. त्यांनी प्राझोसिन ही बीपीची साधी गोळी वापरून, पेशंटच्या उशाशी रात्र-रात्र बसून नोंदी ठेवून ते प्रमाण एक-दोनवर आणलं. तिथं मोठं मशीन नव्हतं. स्वस्त गोळी होती, आणि ती वेळेवर खेड्यातच द्यायची पद्धत सगळ्यांना शिकवली. विंचवाचं जे आरोग्य केंद्रात झालं ते रोगरचं ग्रामीण रुग्णालयात का होऊ नये, निदान पहिल्या तासापुरतं?

मला हवं ते फार नाही. जून ते डिसेंबर प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात तीनशे ॲम्प्युल किंवा तेवढंच औषध असलेल्या मोठ्या व्हायल, आणि साठा किती आहे ते बाहेरच्या फळ्यावर रोज खडूनं लिहिलेलं. टेबलासमोर भिंतीवर ५, १०, २०, ४० चा तक्ता, मराठीत, सिस्टरला वाचता येईल असा. असा पेशंट आला की पहिले दोन तास एक माणूस फक्त त्याच्यापाशी. मेडिकल कॉलेजच्या मेडिसिनवाल्यांचा रात्री उचलला जाणारा एक फोन, आणि दिल्लीच्या एम्सचं विष माहिती केंद्र चोवीस तास चालतं, १८०० ११६ ११७, तो नंबरही त्याच तक्त्यावर. १०८ ची सेवा २०१४ मध्ये राज्यभर ९३७ गाड्यांनी सुरू झाली, त्यात डॉक्टर असतो, त्या गाडीत ॲट्रोपीन चालू राहिलंच पाहिजे. शेतकऱ्यानं आत्महत्या केली तर २००६ पासून कुटुंबाला १ लाख मिळतात, तेही समितीनं पात्र ठरवलं तर. ते मिळायलाच पाहिजेत, कमीच आहेत. पण तोच माणूस टेबलावर जिवंत असताना त्याच्यासाठी काही रुपयांचं इंजेक्शन कमी पडतं हे मला सहन होत नाही.

तो पस्तिशीतला माणूस अंबाजोगाईला अकरा दिवस होता, त्यातले सहा व्हेंटिलेटरवर. दिवाळीच्या आधी दुकानात आला, आईच्या बीपीच्या गोळ्या न्यायला. गळ्याला छिद्राचा व्रण, आवाज घोगरा. मी विचारलं, घरी आल्यावर कुणी आलं होतं का, बोललं का कुणी, आपल्याकडं शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी तो प्रेरणा प्रकल्प आहे त्यातलं कुणी? म्हणाला, "पोलीस आल्ते दोनदा, जबाब घ्यायला. बाकी कुणी न्हाई."

बिलाच्या मागं मी १४४१६ लिहून दिलं, टेलिमानस, मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, फुकट आहे, मराठीत बोलतात, रात्रीसुद्धा उचलतात. त्यानं घडी करून गोळ्यांच्या पाकिटात ठेवलं आणि विचारलं, "त्या डॉक्टर मॅडम कुठंयत आता?" बदली झालीय म्हणून सांगितलं.